संकल्पातला कांदा

जागेचा मालक कोण, या एका प्रश्नानं माझ्या डोक्याचं पार भजं केलं. सौरऊर्जेच्या कंपनीत लागले तेव्हा वाटलं होतं, आता काय, ऊन आणि काचा. आधीची नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, तिथे बारा महिने वंगणाचा वास. इथे मोकळं आभाळ. नवरा रेल्वेत, इगतपुरीला, घरी येतो तो पाहुण्यासारखा. तो म्हणाला, जा की, तुला उन्हाचं काय. मग मी पंचवटीतून रोज कंपनीच्या गाडीनं चांदवडकडे जायला लागले. जमिनींचे भाडेपट्टे, परवानग्या आणि गावाशी बोलणं हे माझं काम. शिकले इलेक्ट्रिकल, आणि हे काम का, तर म्हणे मॅडमचं मराठी चांगलं आहे. आहेच मुळी चांगलं. पण नुसत्या मराठीनं तिथे काही भागलं नाही.

प्रकल्प मोठा होता. गावाच्या वर मुरमाड माळ, कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं असा. तिथे नजर पोचेल तिथपर्यंत पॅनेल येणार होते आणि सोबत बॅटऱ्या. बॅटऱ्या म्हणजे ट्रकच्या मागे असतात तेवढाले पांढरे कंटेनर. दिवसा उन्हाची वीज त्यांत भरून ठेवायची, आणि संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू होतात तेव्हा ती सोडायची. गावाला हे मी इतक्यांदा समजावलं की शेवटी माझं मलाच खोटं वाटायला लागलं. पारावरचे एक बाबा दर वेळी सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, मग आमच्या मोटारीला लाईट रातची येणार का दिवसाची? मी म्हणायचे, बाबा, ही वीज आधी ग्रीडमध्ये जाणार. ते म्हणायचे, आस्सं. दुसऱ्या दिवशी परत तेच. न समजणारे ते होते का मी, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही.

माळाचा सगळ्यात मोठा तुकडा आक्कांचा होता. गाव त्यांना आक्काच म्हणतं, म्हणून मीही. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सासरी नांदत होती. भिंतीला भिंत लागून थोरल्या दिरांचं घर. आक्कांनी माळ भाड्यानं दिला, पण माळाच्या खालच्या अंगाला, विहिरीला लागून काळ्या मातीचा जो मळा होता, तो ठेवून घेतला. कांद्यासाठी. सही करताना त्यांनी मला बजावलं होतं, ताई, माळ तुमचा, मळा मपला. मी म्हटलं, आक्का, कागदात तसंच आहे. आणि कागदात खरंच तसंच होतं. आता यात घोळ होण्यासारखं काही होतं का, तुम्हीच सांगा.

घोळ सुरू झाला भूमिपूजनापासून. वरून निरोप आला, पूजा करा, फोटो पाठवा. आमच्या घरात पिढीजात भिक्षुकी. वडिलांनी ती सोडून बँकेत नोकरी धरली, पण धाकटे काका अजून पंचवटीत यात्रेकरूंची कार्यं करतात. म्हटलं, बाहेरचा गुरुजी कशाला, घरचाच घेऊन जाऊ. काकांना सोलर म्हणजे गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब, एवढंच ठाऊक. माळावर उतरल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, एवढं पाणी कोण तापवणार आहे गं? मी कपाळाला हात लावला.

तर पूजा आक्कांच्या माळावर, कारण फाटक तिथेच होणार होतं. काकांनी विचारलं, यजमान कोण? आमचे मॅनेजर लांबच्या राज्यातले, बायको तिकडेच, आणि पूजेला जोडपं लागतं. मी म्हटलं, आक्का, जमीन तुमची, तुम्ही बसा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला काही शिकवलंय की नाही अशी शंका यावी. म्हणाल्या, मला कुठं चालतं? दीर-जाऊ बसतील की. काकांनी मान डोलावली. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी टाकून बोललं नाही. पहाटेपासून जागा झाडून सारवून त्यांनीच ठेवली होती. पूजा चालली होती तेव्हा त्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या होत्या. मला राग आला. पण राग यायला कुणीतरी लागतं ना समोर? ज्यांच्यासाठी यावा त्यांनीच तर तसं ठरवलं होतं. मी प्रसादाचा शिरा खाल्ला.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं फाटकावर भला मोठा फ्लेक्स लावला. फेटा बांधलेले दीर, शालू नेसलेली जाऊ, दोघांचे हात जोडलेले, आणि खाली, आमचे सन्माननीय जमीनमालक. कागदावर आक्का, फ्लेक्सवर दीर. कागद मुंबईच्या ऑफिसातल्या कपाटात आणि फ्लेक्स रस्त्यावर, मग जगानं काय वाचलं असेल? फाटकावरचे पहारेकरी परप्रांतातले, नवे. ते दिरांना सलाम ठोकायला लागले. एक दिवस आक्का नेहमीच्या वाटेनं माळावरून विहिरीकडे निघाल्या तर त्यांना अडवलं. मालकाची चिठ्ठी आणा म्हणाले. आक्का लांबच्या वाटेनं गेल्या. हे मला त्या पहारेकऱ्यानंच सांगितलं, वर छाती काढून, की मॅडम, आपण कुणालाही आत सोडत नाही. मी त्याच्यावर अशी काही ओरडले की माझाच घसा बसला. त्यानं नुसतं फ्लेक्सकडे बोट केलं.

दीर वाईट माणूस असते तर सगळं सोपं झालं असतं. तसे ते नव्हते. भाऊ गेल्यावर आक्कांच्या मळ्यातली मोटार बिघडली की हेच रातोरात विहिरीत उतरायचे. आक्कांचा कांदा यांच्याच ट्रॅक्टरमधून बाजार समितीत जायचा. पुतणीचं लग्न यांनीच लावलं. ते सगळ्याला आमचं म्हणत. आमचा माळ, आमची विहीर, आमची धाकली. त्या ‘आमचं’मध्ये आक्का कुठे संपतात आणि आपण कुठे सुरू होतो, हे त्यांनी बहुतेक कधी बघितलंच नव्हतं. आणि आक्का त्यांच्यासमोर बोलत नसत. जुनी रीत. थोरला दीर समोर आला की पदर पुढे आणि तोंडातून शब्द नाही. काही सांगायचं झालं तर जावेला सांगायचं, जाऊ रात्री जेवताना नवऱ्याला सांगणार. एवढी वर्षं दोन्ही घरांचा कारभार याच तारेवर चालला होता, आणि नीट चालला होता.

मग परतीचा पाऊस झाला. माळावर बॅटऱ्यांसाठी जी जागा आखून ठेवली होती तिथे असं पाणी साचलं की म्हशी डुंबाव्यात. लाखमोलाच्या बॅटऱ्या पाण्यात कशा ठेवणार? मुंबईत बसलेल्या डिझाइनवाल्यांनी पडद्यावर नकाशा फिरवला आणि नवी जागा काढली. सपाट, रस्त्याला लागून, सबस्टेशनच्या जवळ. ती नेमकी आक्कांच्या मळ्यात. मॅनेजरांनी बैठक बोलावली आणि फोन केला तो दिरांना, कारण त्यांच्याकडे मालक म्हणून नंबर त्यांचाच होता. दीर आले, नकाशा पाहिला आणि म्हणाले, घ्या की, घरचंच हाय. वर म्हणाले, ती एकटी किती दिवस वाकून कांदा लावणार? बसून खाईल आता. हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. तेच तर अवघड होतं.

बैठक संपल्यावर मी मॅनेजरांना सांगितलं की हे मालक नाहीत. ते म्हणाले, मग पूजेला कोण बसलं होतं? मी कागदाची प्रत काढून दाखवली तर म्हणाले, ठीक आहे, सही त्या बाईंची घ्या, पण घरच्या कर्त्या माणसानं हो म्हटलंय ना? सही काय, होऊन जाईल. माझं काम आता ती सही आणायचं झालं.

मी मळ्यावर गेले. वाफे बांधून तयार होते, कांद्याची लागण तोंडावर आलेली. आणि त्या वाफ्यांवरून सरळसोट पांढऱ्या फक्कीच्या रेघा गेलेल्या, आमच्या लोकांनी मारलेल्या. आक्का वाफ्यांत काम करत होत्या, पण रेघ आली की तिच्यावर पाय न देता ओलांडून जात होत्या. मी म्हटलं, आक्का, तुम्हाला मळा द्यायचा नाही ना? त्या म्हणाल्या, नाय. मी म्हटलं, मग तसं सांगा साहेबांना, मी आहे ना सोबत. तर विचारतात, दीर असतील का तिथं? असतील. मग कसं बोलू?

जावेतर्फे सांगून पाहिलं होतं त्यांनी. जावेनं दिरांना सांगितलं, दीर हसले आणि म्हणाले, भिडेपोटी म्हणत असंल, आपल्यावर भार नको म्हणून. म्हणजे निरोप पोचला, फक्त उलटा होऊन पोचला. मी म्हटलं, मग नुसतं लिहून द्या, मी मुंबईला पाठवते. आक्का पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या.

"दिराच्या विरुद्ध कागद करू? माझ्या पोरीचं कन्यादान केलंय त्यांनी."

परत येताना अख्खा रस्ता मी मनात भांडत होते. दिरांशी, मॅनेजरांशी, आक्कांशी तर सगळ्यात जास्त. मळा हवा, पण बोलायचं नाही. दीर चुकतात, पण त्यांचा शब्द मोडायचा नाही. बाई, मग करायचं तरी काय? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते कुणी बांधावर उभं राहूनच म्हटलं असणार. घरी आल्यावर स्वयंपाक करताना माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा सासूबाईंना एखादी गोष्ट नको असेल तर नवऱ्याकरवीच सांगते. ते आठवलं आणि मी आणखीच चिडले.

इकडे मॅनेजरांना घाई. कंटेनर बंदरातून निघायचे होते. सही नाही म्हणून कागद अडला होता, पण ते म्हणाले, खोदाई तरी सुरू करू. ठेकेदाराची माणसं नारळ फोडल्याशिवाय मातीला हात लावणार नव्हती. म्हणजे परत पूजा, आता मळ्यात. फोन परत माझ्या काकांना, आणि पाटावर बसायला परत तेच जोडपं. गावाकडे पूजेला किंमत असते. एकदा जागेची पूजा झाली की तिथे कुणी ब्र काढत नाही. दीर त्या पाटावर बसले की आक्कांचा मळा गेला, हे मला कळत होतं, आक्कांना कळत होतं, जावेलाही कळत असणार. सही नंतर आपोआप आली असती. गाडीत मी काकांना सगळं सांगितलं, म्हटलं, काहीतरी करा. काका म्हणाले, मी पूजा सांगतो, वाटण्या करत नाही. आणि खिडकीबाहेर बघत बसले.

विहिरीजवळ दोन पाट मांडले होते. बाजूला जेसीबी उभा. दीर-जाऊ तयार व्हायला घरी गेले होते. काका तांदळाच्या राशीवर गणपतीची सुपारी ठेवत होते तेवढ्यात आक्का आल्या. विहिरीवर हातपाय धुतलेले, पदर डोक्यावर. काकांना नमस्कार करून त्यांनी सांगितलं की सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी घराची वास्तुशांत केली होती, तेव्हा ते एकटेच बसले होते, कमरेला सुपारी खोचून. काका म्हणाले, हो, चालतं तसं. पत्नी नसेल तर तिच्या जागी सुपारी घेतात.

"मग नवरा नसंल तर?" आक्कांनी विचारलं.

काकांनी ताम्हन उचललं, परत खाली ठेवलं. पिशवीतली पोथी काढली, न उघडता परत आत घातली. माझे काका. लहानपणी आम्ही काहीही विचारलं तरी ज्यांच्याकडे तिथीपासून पंक्तीपर्यंत सगळ्याची उत्तरं तयार असायची, ते माझ्याकडे पाहायला लागले, जसं काही मला माहीत असणार. मी म्हटलं, काका, मला काय विचारता? मॅनेजर घड्याळ बघत होते. शेवटी काका म्हणाले, बाई, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नाही. आक्का म्हणाल्या, बघा तुम्ही, मी थांबते. आणि थांबल्या. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.

काकांनी ताटातली एक सुपारी उचलून पुढे केली.

"बसा. पाप लागायचं तर मला लागेल."

आक्का ती सुपारी कमरेला खोचून पाटावर बसल्या. तेवढ्यात बांधावरून दीर आणि जाऊ आले, फेटा आणि शालू. दोघं जागच्या जागी थांबले. आक्कांनी पदर आणखी पुढे ओढला, पण उठल्या नाहीत. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि ते माझ्यामुळे झालं असं सगळे म्हणणार. काकांनी कुणाकडे न बघता भराभरा सुरुवात केली. आचमन झालं. मग संकल्प. म्हणजे यजमानानं तळहातावर पाणी घ्यायचं आणि ही पूजा मी कशासाठी करतोय ते देवाला सांगायचं. एरवी गुरुजीच संस्कृतात सगळं म्हणून टाकतात, यजमान नुसतं करिष्ये म्हणतो, अर्थ कुणी विचारत नाही. काका मात्र थांबले. म्हणाले, काय सांगायचंय देवाला, ते तुमच्या तोंडानं सांगा.

आक्का राशीवरच्या गणपतीच्या सुपारीकडे बघत बोलल्या. आवाज बारीक, पण बांधापर्यंत ऐकू जाईल एवढा.

"देवा, हा मळा माझा हाय. हातपाय चालतील तोवर इथं मी कांदा लावणार. बॅटऱ्या माळावरच टेकाडाच्या अंगाला ठेवा म्हणावं, तिथं पाणी थांबत नाय."

दिरांशी त्या एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. देवाशी बोलल्या होत्या. रीत जिथल्या तिथे होती. मॅनेजरांनी मला हळूच विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, जमीन देणार नाही म्हणाल्या. हे वाक्य आक्कांच्या तोंडचं म्हणून सांगायला मला इतके दिवस मिळत नव्हतं.

आता पाळी काकांची. जे ऐकलं ते संस्कृतात म्हणायचं. आमच्या घरात चातुर्मासात कांदा उंबरा ओलांडत नाही, काकांनी जन्मात कधी तो शब्द पूजेत उच्चारला नसेल. ते अस्मिन् क्षेत्रे म्हणाले आणि अडकले. डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. "पलाण्डु," ते एकदम म्हणाले, आणि वर आभाळाकडे बघून घेतलं, "पलाण्डुरोपणं करिष्ये." मला हसू फुटलं. हसता हसता डोळे कधी भरून आले ते समजलंच नाही.

पुढचं काका निव्वळ सवयीनं बोलले. यजमान पाणी सोडतो तेव्हा बायकोनं त्याच्या हाताला आपला हात लावायचा असतो, म्हणजे पुण्य दोघांचं होतं. जन्मभर ते म्हणत आले तसं आताही म्हणाले, हाताला हात लावा. म्हणाले आणि जीभ चावली. शेजारचा पाट रिकामा होता. सगळे त्या पाटाकडे बघायला लागले. आक्का तळहातावर पाणी धरून तशाच बसल्या होत्या.

जाऊ पुढे आली. नवऱ्याला विचारलं नाही, त्याच्याकडे वळून पाहिलंही नाही. शालूचा घोळ गोळा करत ती त्या दुसऱ्या पाटावर बसली आणि तिनं आक्कांच्या कोपराला बोटं लावली.

दीर फेटा बांधून बांधावर उभे होते. चुकून दुसऱ्याच्याच लग्नाला आल्यावर माणसाचं होतं तसं त्यांचं तोंड झालं होतं. त्यांनी दोघींच्या पाठीकडे पाहिलं. आता फुटणार, मला वाटलं. ते बोलले, पण आक्कांशी नव्हे, काकांशी.

"गुरुजी, तिला म्हणावं पाणी सोड. तिचाच मळा हाय."

आक्कांनी पाणी सोडलं.